उलटी कानटोपी

मदत केली ती उणकलच्या अण्णांनी. हे आधीच लिहून ठेवतो, कारण गोष्ट सांगताना घाबरून मधलंच काहीतरी सांगत सुटायची मला सवय आहे, आणि मग ज्याचं नाव घ्यायचं तेच राहून जातं. अण्णांच्या जोडीला अक्का, म्हणजे त्यांच्या मंडळी. त्यांचीही मदत झाली. पण अक्कांना विचारलंत तर म्हणतील, "मी काय केलं? मिक्सर तेवढा बंद ठेवला." तेही खरंच आहे.

अण्णा माझे घरमालक. धारवाडच्या कोर्टात शिरस्तेदार होते, निवृत्त झाल्यावर हुबळीत उणकलला तळ्याच्या बाजूला घर बांधून राहिले. खाली ते दोघं, वर एक खोली, आणि त्या खोलीत मी. मी म्हणजे नववीतून शाळा सोडलेला, नांदेडच्याही पुढच्या एका गावचा, धारवाडजवळच्या बेलूरच्या एका कारखान्यात लेथवर, म्हणजे लोखंड कातायच्या यंत्रावर, हेल्पर लागलेला माणूस. शाळेनंतरही मी बरंच काही सोडलं. नांदेडला मोबाइल दुरुस्ती शिकायला गेलो, ते सोडलं. पुण्यात एका कँटीनला लागलो, तिथूनही आलो. कुणी हाकलायच्या आत मी आपणहून निघायचो. त्यामुळे मला आजवर कुणी कामावरून काढलेलं नाही, आणि हे मी कितीतरी दिवस अभिमानानं सांगायचो. वडिलांना मात्र माझी ओळख पटली होती. फोनवर ते "कसा आहेस?" असं विचारत नसत. "कधी येतूस?" असंच विचारत.

खोली बघायला गेलो ती सकाळ सांगतो. एकट्या पोराला, त्यातून परगावच्या, खोली द्यायला त्या भागात कुणी तयार नव्हतं. "फॅमिली असेल तर बघू" हे दारोदार ऐकून झालं होतं. अण्णांचं दार उघडं दिसलं. खांद्यावर बॅग, एक पाय उंबऱ्याच्या आत टाकला, तोंड उघडणार इतक्यात आतून आवाज आला, "निल्लु! थांब तिथंच! हलू नको!"

मला वाटलं, साप.

मी एक पाय आत आणि एक पाय बाहेर असा खिळून राहिलो. समोर खुर्चीत एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ऐन मे महिन्यात डोक्यावर लोकरी कानटोपी, आणि तीही उलटी, आतली शिवण बाहेर आलेली. माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. दाराला लागून जी भिंत होती तिच्यावर टीव्ही होता, त्यामुळे मला तो दिसत नव्हता, फक्त ते दिसत होते. त्यांनी दोन्ही मुठी हनुवटीखाली धरल्या होत्या. मग एक डोळा मिटला. मग दुसरा. मग खुर्चीखाली त्यांचे पाय पळायला लागले, अगदी खरंच पळायला लागले, चपला इकडेतिकडे गेल्या, आणि तोंडानं "ओडो! ओडो! ओडो!" ओडो म्हणजे पळ, एवढं मला हुबळीच्या बसस्टँडवर कळलेलं होतं. मला वाटलं, मलाच सांगतायत. पण आधी थांब म्हणाले होते. आता काय करायचं?

कितीतरी वेळ मी तसाच उभा. शेवटी ते एकदम उठले, कानटोपी काढून छातीशी धरली आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं.

"तू आलास आणि धावा आल्या," ते म्हणाले. "कोण तू?"

"खोली पाहिजे होती."

"घे."

आतून अक्का हात पुसत आल्या. "अहो, कुठला, काय करतो, विचाराल तरी."

"विचारायचं काय त्यात? पाय बघितला की त्याचा."

माझं शिक्षण किती, जात काय, नोकरी पक्की की कच्ची, काही न विचारता मला जगात एकदाच कुणी काही दिलं आहे, ते असं. त्याचं कारण माझा एक पाय वेळेवर आत पडला हे होतं. लायकीचा संबंध आलाच नाही. आला असता तर मी अजून बसस्टँडवर असतो.

चालू होतं ते बेसबॉल. मला आधी ते चुकलेलं क्रिकेटच वाटलं. अण्णांनी पहिल्याच संध्याकाळी समजावून सांगितलं: दोन्ही बाजूंना नऊ-नऊ डाव, तिघं बाद झाले की एक डाव संपला, आणि घड्याळ नाही. घड्याळ नाही हे त्यांनी दोनदा सांगितलं. बरोबरी झाली तर दहावा डाव, मग अकरावा, निकाल लागेपर्यंत. "आमच्या कोर्टासारखं," ते म्हणाले. "फरक एवढाच की हे त्याच दिवशी उरकतात."

हा नाद त्यांना अमेरिकेत लागला. तिकडे पश्चिमेच्या किनाऱ्यावरच्या एका शहरात त्यांची मुलगी असते. अण्णा-अक्का तिच्याकडे राहायला गेले असताना जावयानं एकदा त्यांना सामन्याला नेलं. जुलै महिना, आणि मैदानात हाडं गोठवणारी थंडी. अण्णांनी कानटोपी चढवली. त्या शहराची टीम मागे पडली तेव्हा आजूबाजूच्या लोकांनी आपापल्या टोप्या उलट्या केल्या. टीम हरायला लागली की टोपी उलटी घालायची, मग धावा येतात, अशी तिकडची पद्धत. अण्णांनी कानटोपी उलटी केली. पण आठवा डाव संपल्यावर जावई म्हणाला, "बाबा, निघू या आता, नंतर गाड्यांची फार गर्दी होते. आणि आता काही होत नाही." हे उठले. पार्किंगमध्ये पोचले तोवर मैदानातून असा आवाज उठला की अक्कांनी घाबरून गाडीचं दार धरलं. टीम जिंकली होती.

त्या जावयाला अण्णांनी अजून माफ केलेलं नाही. जावई चांगला आहे, दर दिवाळीला काही ना काही पाठवतो, सामने दिसायची सोयही त्यानंच करून दिली. पण त्याचा विषय निघाला की अण्णा एवढंच म्हणतात, "हुशार आहे. आठव्या डावात उठतो."

मुलगी हल्ली त्यांना कायमचं तिकडे बोलावते. अण्णा नाही म्हणतात. कारण विचारलं तर म्हणतात, "तिथं सामने रात्री असतात. मी नऊला झोपतो." तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली सकाळ, साडेसातला सामना सुरू, दहा-साडेदहाला संपतो, मग उप्पीट, मग आंघोळ. रविवारी मात्र तिकडे शनिवार, सामना बहुतेक दुपारचा, म्हणजे आपल्याकडे मध्यरात्र. तो सामना अण्णांच्या दृष्टीनं झालेलाच नसतो.

त्यांची बघायची तऱ्हा काय सांगावी! सामना चालू असताना मोबाइल तांदळाच्या डब्यात. कारण तिकडचं चित्र इथं पोचायला थोडा वेळ लागतो, आणि जावई तेवढ्यात "वा!" असं पाठवून मोकळा होतो. टीम मागे असताना घरात मिक्सर लावायचा नाही, कुकरची शिट्टी होऊ द्यायची नाही. टीम हरत असली की अण्णा मराठीत बोलतात, जिंकायला लागली की कन्नडमध्ये. शिव्या घरच्या भाषेत, कौतुक गावच्या. वरच्या खोलीत दात घासताना मला नुसत्या आवाजावरून गुणफलक कळायचा. "अरे शुंभा, बघतोस काय, मार की!" म्हणजे दोन धावा मागे. "भाळ छलो, भाळ छलो आता!", फार छान झालं, म्हणजे पुढे.

एकदा ऐन रंगात करंट गेला. मी म्हटलं आता उठतील. हे काळ्या पडद्याकडे बघत तसेच बसून राहिले, टोपी उलटी, आणि मधूनमधून म्हणायचे, "आता एक बाद झाला असेल. आता तो डावखुरा येईल." करंट आला तेव्हा टीम जिंकून मोकळी झालेली. अण्णा अक्कांना म्हणाले, "बघितलंस? उठलो असतो तर?"

माझं कन्नडही याच शाळेतलं. त्यामुळे सुरुवातीला कारखान्यात मला चारच शब्द येत: धर, पळ, थांब, सोडू नको. कुणी पाना मागितला तरी मी "हिडी!", म्हणजे धर, म्हणून ओरडायचो. लोक दचकून हात वर करायचे.

गंमत अशी, की एवढं सगळं ऐकूनही सामन्याचा शेवट मी कधी बघितला नव्हता. माझी कंपनीची बस सव्वाआठला, तोवर जेमतेम दुसरा डाव. पहिल्या दिवशीसुद्धा मी शेवट बघितला तो अण्णांच्या तोंडावर.

आता मुद्द्याचं. हेल्परची मुदत संपत आली की कारखान्यात लेथवर एक परीक्षा घेतात. एक लोखंडी दांडा द्यायचा, तो सांगितलेल्या मापाला कातून दाखवायचा. जमलं तर ऑपरेटर म्हणून कायम. नाही जमलं तर मुदत संपली की घरी. माझी परीक्षा एका बुधवारी दुपारी दोनला ठेवली, आणि आदल्या दिवशीपासून मला दुसरं काही सुचेना. लेथवर चूक एकाच बाजूनं दुरुस्त होते. जास्त राहिलं तर आणखी कातता येतं. कमी झालं तर संपलं, लोखंड परत चिकटवता येत नाही. मला स्वतःची खात्री होती. मी कमीच करणार.

तेव्हा बुधवारी सकाळी मी कंपनीची बस सोडून दिली आणि बॅग भरली. साडेदहाला सोलापूरची बस होती, तिथून पुढे घर. अंगात कंपनीचा शर्ट घातला. गावात उतरताना कंपनीचा शर्ट दिसावा एवढी लाज अजून शिल्लक होती. दहाच्या सुमाराला किल्ली द्यायला खाली आलो. अण्णा खुर्चीत, टोपी उलटी, घर चिडीचूप. अक्का स्वयंपाकघराच्या दारात मिक्सरचं भांडं हातात घेऊन उभ्या.

"अण्णा, किल्ली."

"कसली?"

"खोलीची. मी निघतो. साडेदहाची सोलापूर गाडी आहे."

त्यांनी पडद्यावरची नजर काढली नाही. "परीक्षा आज ना तुझी?"

"हो."

"किती वाजता?"

"दोनला."

"मग दहा वाजता नापास कसा झालास?"

मी म्हटलं, "मला माहीत आहे अण्णा, माझं काय होणार ते."

"कोर्ट चालू असताना मी अर्ज घेत नाही. कुंदर." कुंदर म्हणजे खाली बस. मी बॅग मांडीवर घेऊन बसलो. "शर्ट उलटा कर."

"अण्णा, हा कंपनीचा…"

"कुणाचा का असेना. नववा डाव, तीन धावा मागे, दोघं बाद. एकट्या टोपीनं किती ओढायचं, तम्मा?" तम्मा म्हणजे धाकट्या भावा.

अक्का म्हणाल्या, "कर बाबा. नाहीतर माझी चटणी आज होत नाही."

मी शर्ट उलटा केला. शिवणी बाहेर, खिसा आत, गळ्याशी मापाची चिठ्ठी. आणि आयुष्यात पहिल्यांदा टीव्हीसमोर बसून सामन्याचा शेवट बघायला लागलो.

एक बाद झाला की सगळं संपणार होतं. आला तो खेळाडू अण्णांच्या म्हणण्याप्रमाणे आठवडाभर झोपलेला होता. त्यानं काही केलंच नाही, नुसता उभा राहिला, आणि समोरच्यानं चार चेंडू भलतीकडे टाकले, म्हणून याला फुकट पुढे जायला मिळालं. "हे बरं आहे," मी म्हटलं. अण्णा म्हणाले, "उभं राहायला पण कसब लागतं. गप बस." पुढच्यानं चेंडू कसाबसा ढकलला, तोही पोचला. मग तिसरा आला. अण्णा मराठीत म्हणत होते, "अरे गाढवा, वरचा नको मारू, वरचा सोड, वरचा सो…" आणि त्यानं वरचाच मारला. चेंडू उंच गेला, दिव्यांच्याही वर गेल्यासारखा, आणि कुंपणापलीकडे प्रेक्षकांत पडला. तीन धावा. बरोबरी. अण्णांचं वाक्य गाढवापाशी मराठीत सुरू झालं होतं ते कन्नडमध्ये संपलं, आणि मी बॅग फेकून उभा राहून "ओडो! ओडो!" ओरडत होतो. ती बॅग अक्कांच्या पायावर पडली. अक्कांना त्याचा पत्ताच नव्हता. त्याही ओरडत होत्या.

या गडबडीत साडेदहा वाजून गेले. मी घड्याळ बघितलं होतं. बसून राहिलो यात धाडस वगैरे नव्हतं. एक तर शर्ट उलटा होता, आणि तसल्या अवतारात रस्त्यावर पळणं माझ्यानं झालं नसतं. दुसरं म्हणजे, पुढे काय होतं ते मला बघायचं होतं.

दहाव्या डावात समोरच्यांनी एक धाव काढली. आमचे पहिले दोघं बाद झाले. शेवटच्यानं चेंडू असा हाणला की मी अण्णांचा हात धरला, आणि कुंपणापाशी एका पोरानं उडी मारून तो अलगद धरला. संपलं. हरलो.

मला वाटलं आता अण्णा रिमोट फेकणार. त्यांनी कानटोपी काढली, सुलटी केली आणि खुंटीला अडकवली.

"हरलो," ते म्हणाले. "काय गं, उप्पीट झालं का?"

आत मिक्सर सुरू झाला.

"अण्णा, एवढं करून हरलो?" मला तर रडूच येत होतं.

"हो की."

"मग आता?"

"आता उद्या साडेसातला परत."

"परत? कुणाशी?"

"यांच्याशीच. तीन-चार दिवस एकमेकांशीच खेळतात हे. हरलेला घरी जात नाही." मग खुर्चीतून उठताना त्यांना आठवलं. "तुझं काय होतं? किल्लीचं?"

"काही नाही," मी म्हटलं. "उप्पीट खातो आणि जातो कामावर."

इथं मी पास झालो असं लिहिलं तर शोभून दिसेल. पण मी नापास झालो. एक तर शर्ट सुलटा करायचं विसरलो आणि गेलो तो उलट्या शर्टात. सुपरवायझर साहेबांनी माझ्याभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "अंगी उल्टा ऐतल्लो!" अंगी म्हणजे शर्ट. सगळं शॉप हसलं. मी लाल झालो, शर्ट सुलटा करायला गेलो तर साहेब म्हणाले राहू दे, वेळ चाललाय. दांडा लावला, कातला, मायक्रोमीटर लावला. केसभर कमी. जे होणार म्हणून मी आदल्या दिवशीपासून मनाशी म्हणत होतो, नेमकं तेच.

साहेबांनी दांडा बाजूला ठेवला. एरवी मी इथं "बरं साहेब" म्हणून हात पुसले असते, आणि दुसऱ्या दिवशी सोलापूरच्या बसमध्ये असतो. पाय दाराकडे वळलेही होते. पण तोंडातून शब्द आला,

"नाळे?"

"एन नाळे?" साहेब म्हणाले. उद्या काय?

"नाळे मत्ते." उद्या परत. माझ्या कन्नडमध्ये याहून मोठं वाक्य नव्हतं. आवाज बकरीसारखा निघाला, पण निघाला.

साहेब म्हणाले, असं आजवर कुणी मागितलं नाही, नापास झालेला पोरगा परत तोंड दाखवत नाही. मग हसले. "नाळे बा. आदर अंगी सीदा हाक्योंडु बा." ये उद्या, पण शर्ट सरळ घालून ये.

संध्याकाळी घरी गेलो तर अण्णा ओट्यावर.

"काय झालं?"

"हरलो."

"किती फरकानं?"

"केसभर."

"मग अटीतटीचा झाला की सामना!" ते खरोखर खूश झाले. "सुरुवातीपासून सांग. पहिल्या चेंडूपासून."

मी दांडा लावण्यापासून सांगितलं. मधेच त्यांनी अक्कांना हाक मारली, "अगं, ऐक, ऐक, आता हा कमी करतोय बघ." अक्का आतून म्हणाल्या, "त्याला आधी जेवू घाला, मग हरवा."

दुसऱ्या दिवशी अण्णांची टीम परत हरली, आणि मोठ्या फरकानं हरली. मी पास झालो. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं, घरातलं कुणीतरी जिंकलं," आणि पुढचा अर्धा तास त्या दिवशीच्या चेंडू टाकणाऱ्याला शिव्या देत बसले. घरातलं कुणीतरी, असं ते म्हणाले. मी वर जाऊन वडिलांना फोन लावला. त्यांनी सवयीनं विचारलं, "कधी येतूस?" मी म्हटलं, "दिवाळीला. चार दिवस. मग परत जायचंय, मी कायम झालोय." त्यांनी मला ते वाक्य परत एकदा म्हणायला लावलं.

परवा अक्का जिन्यात भेटल्या. म्हणाल्या, "तू सव्वाआठला फाटक लावून गेलास की हे विचारतात, गेला काय? मी म्हणते, गेला. मग एकटेच बसतात. मला आत काम असतं. एवढ्या वर्षांत यांच्याबरोबर अख्खा सामना कुणी बसून बघितला नाही बघ. जावयानं नाही, मी नाही, कुणी नाही."

कायम झाल्यापासून मला पगारी रजा आहे. अजून मी तिला हात लावलेला नाही, कारण रजेचा अर्ज घेऊन साहेबांसमोर उभं राहायचं या विचारानंच माझं पोट बिघडतं, आणि पोट बिघडल्यावर रजा घ्यावी तर खोटं वाटेल म्हणून मी तसाच कामावर जातो. पण अण्णा, यातला एक दिवस तुमचा. हंगाम संपायच्या आत, आठवड्याच्या मधला एखादा वार बघून मी अर्ज करणार आहे. कारण विचारलं तर खरं कारण सांगणार आहे. साडेसातला तुमच्या शेजारी येऊन बसेन, पहिल्या चेंडूपासून, आणि सामना दहाव्या डावात जावो की पंधराव्या, निकाल लागेपर्यंत उठणार नाही. घड्याळाकडे बघणार नाही. बघितलंच तर एकदा.